झिजणाऱ्या मुठीचा इतिहास

माणसाच्या हाताने वस्तू झिजतात, हे काही नवे नाही. देवळाच्या उंबरठ्याचा दगड पावलांनी झिजतो, जात्याचा खुंटा तळहातांनी गुळगुळीत होतो, पितळेच्या भांड्याची कल्हई रोजच्या घासण्याने उडते. परंतु या झिजेबरोबर तिच्यावरचा उपायही समाजाने पूर्वीपासून योजून ठेवलेला असे. बोथट झालेल्या जात्याला टाकी लावणारा पाथरवट दारावरून जाई. कल्हईवाला अंगणात भाता मांडून बसे. कल्हई उडाली म्हणून भांडेच टाकून द्यावे, असा विचार कोणाच्या मनात येत नसे. वस्तू झिजणे हा निसर्गाचा नियम आहे. झिजलेली वस्तू दुरुस्त करता यावी की न यावी, हा मात्र माणसाने घेतलेला निर्णय असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मास आलेल्या एका लहानशा उपकरणाच्या इतिहासात हा भेद विलक्षण स्पष्टपणे दिसून येतो. ते उपकरण म्हणजे व्हिडिओ गेमचा कंट्रोलर.

पडद्यावरील खेळ खेळताना खेळाडूच्या हातात जी पेटी किंवा मूठ असते, ती म्हणजे कंट्रोलर. भारतातील मुलांनी तिला कधी ‘जॉयस्टिक’ म्हटले, कधी सरळ ‘रिमोट’. वरवर पाहता हा पोरखेळाचा विषय वाटेल. पण घरातील इतर विद्युत्-उपकरणांशी तुलना केली, म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानात येते. दूरदर्शन संचाच्या बटणाला दिवसातून दोनचार वेळा हात लागतो. कंट्रोलरची बटणे व दांडी एका तासात हजारो वेळा दाबली, ढकलली आणि पिळली जातात, आणि तीही खेळाच्या आवेशात. यंत्राचा मेंदू पेटीत सुरक्षित राहतो, चित्र काचेआड राहते. माणसाच्या हाताचा सारा जोर सोसावा लागतो तो या मुठीला. म्हणून खेळयंत्रात पहिल्यांदा बिघडते ती हीच.

या इतिहासाचा आरंभ एका प्रयोगशाळेत झाला. अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९५८ च्या ऑक्टोबरात प्रेक्षकांसाठी प्रदर्शन भरले, तेव्हा विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने ऑसिलोस्कोपच्या वाटोळ्या पडद्यावर टेनिसचा खेळ करून दाखविला. खेळणाऱ्याच्या हातात एक लहान पेटी दिली होती. तिच्यावर चेंडूचा कोन ठरविण्यासाठी एक फिरते बटण आणि चेंडू मारण्यासाठी एक दाबायचे बटण होते. पुढच्या वर्षी हा खेळ पुन्हा दाखविण्यात आला आणि मग सारी मांडणी सोडवून तिचे भाग इतर कामांना लावले गेले. वस्तू टिकवावी असा हेतू येथे नव्हता. पण तिच्यातला प्रत्येक भाग सुटा होता आणि तो पुन्हा उपयोगी पडत होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

चार वर्षांनी, १९६२ साली, मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील पीडीपी-१ या संगणकावर स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी ‘स्पेसवॉर’ हा दोन अवकाशयानांच्या लढाईचा खेळ रचला. आरंभी याने चालविण्यासाठी संगणकाच्या दर्शनी पाटीवरील खटके वापरले जात. ते काही खेळासाठी बसविलेले नव्हते. खेळणाऱ्यांची कोपरे दुखू लागली, तेव्हा अॅलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी विद्यार्थ्यांच्या नमुना-रेल्वे मंडळातील सुटे सामान जमवून दोन वेगळ्या नियंत्रण-पेट्या तयार केल्या. खेळणारा, बनविणारा आणि दुरुस्त करणारा ही तिन्ही माणसे तेव्हा एकच होती. खटका बिघडला, तर तो ज्याने बसविला त्यानेच काढावा व नवा लावावा. दुरुस्तीचा हक्क कोणाचा, हा प्रश्न निर्माण होण्यास तेथे जागाच नव्हती.

हा प्रश्न उद्भवला, तो खेळ बाजारात उतरल्यावर. १९७२ साली अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा नाणे टाकून खेळावयाचा खेळ कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावच्या एका मद्यगृहात मांडण्यात आला. अॅलन अल्कॉर्न या अभियंत्याने तो बनविला होता. काही दिवसांनी यंत्र बंद पडल्याचा निरोप आला. अल्कॉर्न दुरुस्तीस गेला आणि पाहतो तो नाणी साठविण्याचे भांडे तुडुंब भरल्यामुळे नवे नाणे आत जाण्यास वावच उरला नव्हता. व्हिडिओ गेमच्या व्यापाराची ही पहिली गाजलेली दुरुस्ती म्हणावी लागेल. असा बिघाड पुन्हापुन्हा व्हावा, असेच कोणत्याही मालकाला वाटेल!

पाँगच्या दर्शनी भागावर दोन गोल बटणे होती. ती फिरविली की पडद्यावरची फळी वरखाली सरके. त्यांच्या मागे बसविलेला भाग म्हणजे पोटेन्शिओमीटर. हे नाव अवघड वाटले, तरी ही वस्तू जुन्या पिढीच्या चांगल्या परिचयाची आहे. रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याच्या बटणामागे हाच भाग असतो. कार्बनचा लेप दिलेल्या एका अर्धवर्तुळाकार पट्टीवरून धातूची बारीक जीभ सरकत जाते. जीभ जिथे टेकेल त्याप्रमाणे विजेच्या वाटेतला अडथळा कमी किंवा अधिक होतो. काही वर्षांनी रेडिओचे बटण फिरविताना जी खरखर ऐकू येते, ती या पट्टीवर बसलेल्या धुळीची आणि झिजलेल्या कार्बनची. रेडिओत जो दोष कानाला खरखर म्हणून जाणवतो, तोच खेळात डोळ्यांना थरथर म्हणून दिसतो. पडद्यावरील फळी एका जागी ठरत नाही. हात स्थिर असला तरी ती कापत राहते. दोष एकच, इंद्रिय तेवढे निराळे. पुढील पन्नास वर्षांच्या तक्रारींचे मूळ या एका वाक्यात सामावलेले आहे.

नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांच्या जगात मात्र दुरुस्तीची शिस्त आरंभापासून होती. यंत्र विकत घेणारा हा स्वतः व्यापारी असे. यंत्र बंद राहिले तर त्याचे उत्पन्न बुडे. म्हणून यंत्राबरोबर कारखान्याकडून देखभालीची पुस्तिका आणि विद्युत्-जोडणीचे नकाशे दिले जात. दांडीखालचे खटके म्हणजे पितळी पात्यांच्या जोड्या. त्या काळवंडल्या तर घासावयाच्या, वाकल्या तर चिमट्याने सरळ करावयाच्या. पुढे त्यांच्या जागी छोटे बंद खटके आले. ते बिघडले की दोन तारा सोडवून नवा बसविणे हे काही मिनिटांचे काम असे. ज्याच्या हाती मालकी होती, त्याच्याच हाती नकाशा आणि पान्हाही होता. त्यामुळे ती यंत्रे दिवसाकाठी शेकडो अनोळखी हातांचे धक्के सोसूनही वर्षानुवर्षे चालली.

खेळ घरात शिरला आणि चित्र बदलू लागले. तरी पहिली पायरी बरीच सरळ होती. अटारीने १९७७ साली घरगुती खेळसंच विक्रीस आणला. त्याची काळी जॉयस्टिक, तिच्यावरचे एकुलते एक तांबडे बटण, हे एका सबंध पिढीच्या स्मरणात राहिले आहे. १९७८ पासून प्रचारात आलेल्या तिच्या सुधारित नमुन्यात तळाला साधे चार स्क्रू होते. ते काढले की आत एक छपाईची पाटी. तिच्यावर चार दिशांसाठी चार आणि बटणासाठी एक, अशा पाच धातूच्या चकत्या. दांडी कलली की चकती दबते व जोड पूर्ण होतो. बिघाड ठराविक असत: चकती काळवंडे, वायर पिचे, किंवा दांडीच्या आतील प्लॅस्टिकचा गाभा तुटे. या तिन्हींवरचे उपाय घरच्या घरी करता येण्याजोगे होते. म्हणूनच त्या जॉयस्टिकांपैकी पुष्कळ आजही चालत्या स्थितीत आढळतात.

त्याच कंपनीने १९८२ साली जो पुढचा संच काढला, त्याची कथा उलट आहे. या ५२०० क्रमांकाच्या संचाची दांडी सोडल्यावर आपोआप मध्यावर परत येत नसे आणि बटणांखाली धातूच्या चकत्यांऐवजी लवचिक फितीवर छापलेले नाजूक जोड होते. ते लवकरच निकामी होत. संचाच्या दुर्लौकिकाचे ते एक प्रमुख कारण ठरले. पुढे हौशी कारागिरांनी सोन्याचा मुलामा दिलेले जोड तयार करून हेच कंट्रोलर पुन्हा चालते केले. कारखान्याने जी कसर केली, ती ग्राहकांनी भरून काढली, असा हा प्रकार होय.

यानंतर केंद्र जपानकडे सरकले. निन्टेन्डो कंपनीतील गुनपेई योकोई या रचनाकाराने १९८२ साली खिशात मावणाऱ्या एका खेळासाठी दांडीऐवजी अधिकचिन्हाच्या आकाराचे चपटे बटण योजिले. १५ जुलै १९८३ रोजी जपानात आलेल्या ‘फॅमिकॉम’ संचाने हे बटण रूढ केले. त्याच्या पोटात रबराच्या चार लहान घुमट्या असतात आणि प्रत्येक घुमटीच्या तळाशी कार्बनमिश्रित रबराची काळी टिकली. बटण दाबले की टिकली पाटीवरच्या दोन रेषांना टेकते आणि वीज वाहते. हलणारा धातू नाही, गंजणारी स्प्रिंग नाही. थोड्या खर्चात इतकी टिकाऊ रचना क्वचितच कोणाला साधली असेल. वर्षांनी ती मंदावते, तेव्हा टिकलीवर व पाटीवर बसलेला बोटांचा तेलकट मळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला की बहुधा काम भागते. टिकलीचा काळा थरच गेला असेल, तर ग्रॅफाइट मिसळलेला वीजवाहक रंग लावतात किंवा रबराची सबंध पट्टी बदलतात.

तथापि फॅमिकॉमच्या पहिल्या रचनेत दोन उणिवा राहिल्या होत्या. आरंभीच्या काही संचांची बटणे चौकोनी व मऊ रबराची होती. ती कडेला अडकत, म्हणून त्यांच्या जागी गोल व टणक बटणे आणावी लागली. दुसरी उणीव अधिक महत्त्वाची. दोन्ही कंट्रोलरांच्या वायरी मूळ संचात कायमच्या जोडलेल्या होत्या. वायर पिचली, तर संचच उघडावा लागे. १९८५ साली हाच संच अमेरिकेत गेला, तेव्हा कंट्रोलर काढता-घालता येतील अशा खाचा त्याला दिल्या गेल्या. एवढ्या लहान बदलाने दुरुस्ती किती सोपी होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

याच फॅमिकॉमच्या नकला १९९० च्या दशकात भारतातील शहरांत व तालुक्यांच्या गावी ‘टीव्ही गेम’ या नावाने घरोघर पोहोचल्या. त्यांचे कंट्रोलर मूळच्या मानाने हलके; वायर बारीक, रबर पातळ. सुटीच्या महिन्याभरात वायर प्लगाजवळ तुटे किंवा उडी मारण्याचे बटण बसून जाई. अशा वेळी गाठावे लागे ते बाजारपेठेतल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाला. तेथील कारागिराने हा खेळ स्वतः कधी खेळलेला नसला, तरी बिघाड त्याच्या ओळखीचा असे. कारण पाटी तीच, डाख तोच आणि पिचलेली तार शोधण्याची रीतही तीच. ज्या विद्येने रेडिओ जगविले, तिनेच मुलांची सुटी वाचविली.

पण मूळ उत्पादक याच्या नेमक्या उलट दिशेने चालले होते. निन्टेन्डोच्या अनेक संचांना व खेळांच्या कॅसेटींना साध्या पेचकसाने न निघणारे स्क्रू असत. २००१ सालच्या गेमक्यूब संचाच्या कंट्रोलरलाही तीन पाकळ्यांच्या खाचेचे स्क्रू आले. काही कंपन्यांच्या यंत्रांवर ‘हे लेबल फाडल्यास हमी संपली’ अशा अर्थाची पट्टी चिकटविलेली असे. झाकण उघडणे म्हणजे काही अपराध करणे, अशी भावना ग्राहकाच्या मनात हळूहळू रुजविली गेली. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०१८ च्या एप्रिलमध्ये सहा कंपन्यांना इशारा दिला, की हमी टिकविण्यासाठी ठराविक ठिकाणीच दुरुस्ती करावी अशी सक्ती १९७५ च्या हमीविषयक कायद्यात सर्वसाधारणपणे बसत नाही. त्या सहांत खेळसंच बनविणाऱ्या सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या तिन्ही प्रमुख कंपन्या होत्या.

दरम्यान खेळ बदलला होता. चित्राला खोली आली, पडद्यावरचा माणूस कोणत्याही दिशेने मंद किंवा वेगाने चालू लागला आणि त्यासाठी चार दिशांचे बटण अपुरे पडू लागले. अंगठ्याने किंचित कलविता येईल अशी दांडी हवी झाली. येथून झिजेच्या इतिहासाचे दुसरे पर्व सुरू होते.

१९९६ साली आलेल्या निन्टेन्डो ६४ संचाच्या कंट्रोलरमध्ये अशी दांडी होती. तिची हालचाल मोजण्यासाठी खाचा पाडलेली दोन चाके व त्यांतून आरपार जाणारा प्रकाश यांची योजना होती. प्रकाश काही झिजत नाही. म्हणजे मोजमापाचा भाग चांगला टिकाऊ. पण दांडीचे टोक प्लॅस्टिकच्या वाटीत घासत फिरे. दोन्ही प्लॅस्टिकचीच; वाटीत पांढरा भुगा साचे, वाटी खोल होत जाई आणि दांडी सैल पडून लुळी होई. १९९८ च्या अखेरीस जपानात व पुढील वर्षी अमेरिकेत आलेल्या ‘मारिओ पार्टी’ या खेळात तर दांडी शक्य तितक्या वेगाने गरगर फिरविण्याच्या चढाओढी होत्या. मुले अंगठा सोडून तळहातानेच ती फिरवू लागली. दांड्या तर झिजल्याच, पण तळहातांनाही फोड आले. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यापर्यंत तक्रारी गेल्या आणि २००० साली झालेल्या तडजोडीत कंपनीला खेळाडूंसाठी हातमोजे देण्याचे मान्य करावे लागले. हात आणि यंत्र यांनी एकमेकांना झिजविल्याचे असे नोंदलेले उदाहरण विरळाच असेल.

मौज अशी, की या झिजेवरचा एक उत्तम उपाय त्याच वर्षी बाजारात आलेला होता. १८७९ साली एडविन हॉल या अमेरिकन संशोधकाने बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात असे दाखविले होते, की वीज वाहत असलेल्या पातळ पत्र्याजवळ चुंबक आणला असता पत्र्याच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म विद्युत्-दाब निर्माण होतो. यालाच ‘हॉल परिणाम’ म्हणतात. दांडीच्या बुडाशी चुंबक बसवावा आणि समोर हा परिणाम मोजणारा तुकडा ठेवावा. दोहोंचा स्पर्शच होत नाही. जेथे घर्षण नाही, तेथे झीज कशी होणार? जपानच्या सेगा कंपनीने १९९६ साली आपल्या सॅटर्न संचाच्या कंट्रोलरमध्ये व १९९८ साली ड्रीमकास्टमध्ये हीच योजना वापरली. पण २००१ साली सेगाने खेळसंच बनविण्याचे थांबविले आणि तिच्याबरोबर ही रीतही मुख्य प्रवाहातून मागे पडली.

टिकून राहिली ती सोनीची रीत. १९९७ सालच्या ‘ड्युअलशॉक’ने दोन अंगठ्यांसाठी दोन दांड्या हा नमुना रूढ केला आणि तिच्या जातीच्या कंट्रोलरांत दांडीचे मोजमाप बहुधा पोटेन्शिओमीटरवर आले, म्हणजे पाँगच्या बटणामागची आणि रेडिओच्या आवाजामागची तीच कार्बनची पट्टी, आकाराने मात्र नखाएवढी. ती स्वस्त होती, जागा कमी घेत होती आणि नवी असताना अचूक होती. तिचा स्वभाव मात्र बदलला नव्हता. कार्बन झिजला, भुगा साचला किंवा स्प्रिंग ढिली झाली, की दांडीला हात न लावताही ती कलली आहे असा संदेश जातो आणि पडद्यावरचा माणूस आपोआप एका बाजूला चालू लागतो. या दोषाला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. २०२१ साली आयफिक्सिट या दुरुस्तीविषयक अमेरिकन संस्थेने प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर उघडून पाहिला. दांडीखालच्या भागाचे उत्पादकाने सांगितलेले आयुष्य वीस लाख फेऱ्यांचे होते. आकडा मोठा वाटतो. पण धावपळीच्या खेळात त्याचा हिशेब चारशेहून किंचित अधिक तासांत पुरा होऊ शकतो, असे त्या संस्थेने गणित मांडले.

या दोषाची सर्वांत मोठी चर्चा झाली, ती निन्टेन्डोच्या स्विच संचासंबंधी. ३ मार्च २०१७ रोजी हा संच आला. त्याचे ‘जॉय-कॉन’ नावाचे दोन चिमुकले कंट्रोलर संचाच्या कडांना सरकवून बसविता येतात. इतक्या सपाट जागेत दांडीही सपाटच हवी; तिच्या आत धातूच्या बारीक जिभा कार्बनच्या तुकड्यांवरून घासत फिरतात. अल्पावधीतच ड्रिफ्टच्या तक्रारी सुरू झाल्या. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावा दाखल झाला आणि त्याच महिन्यात कंपनीने तेथे विनामूल्य दुरुस्ती सुरू केल्याचे उघड झाले. जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांच्या सभेत झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमा मागितली. जानेवारी २०२१ मध्ये युरोपातील ग्राहक-संघटनांच्या महासंघाने सुमारे २५,००० तक्रारींचा हवाला देऊन युरोपीय आयोगाकडे दाद मागितली. अखेर २०२३ साली कंपनीने युरोपात हमीची मुदत संपल्यानंतरही हा दोष विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे मान्य केले. तरीसुद्धा जून २०२५ मध्ये आलेल्या स्विचच्या दुसऱ्या आवृत्तीच्या दांड्यांत हॉल परिणामाचा अवलंब करण्यात आला नाही.

येथे उत्पादकांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. चुंबकाची योजना म्हणजे सर्व दोषांवरचा रामबाण नव्हे. तिला काटेकोर जुळणी लागते. जवळ दुसरा चुंबक असला तर मोजमापात घोटाळा होऊ शकतो. आणि दांडीची स्प्रिंग व प्लॅस्टिकची कड तिच्यातही झिजतेच. लक्षावधींच्या संख्येने बनणाऱ्या वस्तूत प्रत्येक सुट्या भागामागे वाचलेले चार पैसे मोलाचे असतात, हेही खरे. म्हणून स्वस्त व झिजणारा भाग वापरणे हा स्वतः अपराध नव्हे. कल्हईसुद्धा झिजणारीच असते. पण कल्हई पुन्हा करता येते, हे गृहीत धरूनच भांडे घडविलेले असते. झिजणारा भाग निवडावयाचा आणि तो बदलण्याची वाटही बंद करावयाची, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे मात्र त्याचा भार सर्वस्वी ग्राहकावर पडतो.

ही वाट किती अरुंद असू शकते, हे दोन कंट्रोलर शेजारी ठेवून पाहिले की कळते. जॉय-कॉनमधील दांडी एका फितीने पाटीला जोडलेली असते. तीन पाकळ्यांचा पेचकस मिळाला, की फीत सोडवून नवी दांडी बसविता येते. डाख लावावा लागत नाही. याउलट मोठ्या कंट्रोलरांत दांडीचा सबंध भाग चौदा ठिकाणी पाटीला डाखलेला असतो. सर्व चौदा ठिकाणचे कथील एकेक करून वितळवून शोषून घ्यावे लागते. घाई केली तर पाटीवरचा तांब्याचा पातळ थरच उचकटतो आणि दुरुस्त करावयास घेतलेली वस्तू कायमची निकामी होते. हे काम सरावाचे आहे, अशक्य नाही. अलीकडच्या वर्षांत त्याच चौदा छिद्रांत बरोबर बसणारे चुंबकाचे भाग स्वतंत्र उत्पादकांनी विक्रीस आणले आहेत. म्हणजे सेगाने सोडून दिलेली विद्या पाव शतकानंतर परत आली, ती दुरुस्ती करणाऱ्यांच्या मेजावरून.

कायद्याने मात्र या खेळण्याला अद्याप पुरते जवळ केलेले नाही. सुटे भाग, हत्यारे व माहिती ग्राहकांना आणि स्वतंत्र कारागिरांना मिळावी, यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा व कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२३ साली कायदे केले; १ जुलै २०२४ पासून ते अमलात आले. परंतु दोन्ही कायद्यांतून व्हिडिओ गेमचे संच वगळण्यात आले. भारतात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिच्यापुढे ठेवण्यात आली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात या विषयाचे एक सरकारी संकेतस्थळही सुरू झाले. ज्या देशात दुरुस्तीचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या गल्लोगल्ली चालत आला, तेथे तो हक्क म्हणून नव्याने लिहून काढावा लागावा, यातच काळाचा फरक दिसतो.

देखभालीची पथ्ये मात्र साधी आहेत आणि ती पाळली तर कंट्रोलरचे आयुष्य पुष्कळ वाढते. हात धुऊन खेळावे, कारण तळणाचे तेल बटणाच्या कडेने आत उतरते. वायर पेटीभोवती करकचून गुंडाळू नये. ती पिचते नेमकी वळणावर. दांडीच्या मुळाशी साचलेली धूळ कोरड्या मऊ ब्रशाने झाडावी. जोड पुसावयाचे ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा विजेच्या जोडांसाठीच बनविलेल्या द्रवाने, आणि तेही बॅटरी किंवा वायर काढून. शिलाई यंत्राचे तेल घालण्याचा मोह आवरावा. कार्बनच्या पट्टीवर ते धूळ धरून ठेवते. ड्रिफ्ट थोडाच असेल, तर बऱ्याच खेळांत दांडीच्या मध्याजवळची सूक्ष्म हालचाल दुर्लक्षिण्याची सोय असते. ती वाढवून काही काळ निभावता येते. पण हा उपाय म्हणजे सैल दाताने दुसऱ्या बाजूने चावण्यासारखा आहे. दुखणे त्याने बरे होत नाही.

या सर्व खटाटोपाचे मोल केवळ पैशांत करून चालणार नाही. पुस्तक जीर्ण झाले तरी वाचता येते. खेळाचे तसे नाही. तो हाताने खेळावा लागतो आणि ज्या मुठीसाठी तो रचला ती मूठ नसेल, तर त्याचे केवळ चित्र उरते. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक-इतिहास संग्रहालयाने पीडीपी-१ हे यंत्र २००३ ते २००५ या काळात दुरुस्त करून पुन्हा चालते केले. जुन्या जाणत्यांनी एकेक भाग तपासला, निकामी झालेले बदलले. त्यानंतर तेथे येणाऱ्या प्रेक्षकांना ‘स्पेसवॉर’ प्रत्यक्ष खेळावयास मिळू लागला, तोही हातात नियंत्रण-पेटी धरून. चाळीस वर्षांचे यंत्र असे पुन्हा उभे राहू शकले, याचे कारण ते उघडता येत होते, त्याचे नकाशे उपलब्ध होते आणि त्याला समजून घेणारी माणसे हयात होती. आज घराघरांत कपाटाच्या तळाशी पडलेल्या झिजलेल्या मुठींपैकी किती आणखी चाळीस वर्षांनी हातात धरता येतील, हे याच तीन गोष्टींवर अवलंबून राहील.